बट्ट्यापासून मार्कअपपर्यंत : परक्या चलनातल्या खरेदीची गोष्ट



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याची चिठ्ठी आमच्या हातात आली. तीत असे होते : ‘सर, परदेशातून ऑनलाइन एक ग्रंथ मागवला. साइटवर किंमत एक दिसली, कार्डाच्या बिलात वेगळीच आली. मधले पैसे कोणाकडे गेले? आणि ते वाचवता येतात का?’ आता ही चिठ्ठी खरं म्हणजे बँकेच्या खिडकीवर जायला हवी होती. आम्ही तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आमच्याकडे लोक मोक्षाबद्दल विचारतात, मार्कअपबद्दल नाही. पण ‘मधले पैसे कोणाकडे गेले’ हा प्रश्न बराच जुना आहे, आणि शिवाय त्यात आम्ही स्वतः पोळलेले आहोत. तेव्हा आज हाच विषय घेऊ.

आधी आमचीच फजिती सांगतो. जर्मनीतल्या जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे कांटवरचा एक ग्रंथ सापडला. किंमत ८० युरो. पैसे भरायच्या पानावर मोठ्या अदबीने विचारणा झाली : रुपयांत द्यायचे की युरोत? रुपयांचा आकडा तयार होता आणि ही रक्कम पक्की, नंतर बदलणार नाही, असे खाली लिहिलेले होते. आम्ही रुपये निवडले. आपले चलन, आपल्याला कळणारा आकडा, आणखी काय पाहिजे?

हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल करून सांगतो. त्या दिवशी बाजारात युरो १०० रुपयांना होता असे धरा. म्हणजे ग्रंथ ८,००० रुपयांचा. साइटने रुपयांत घेतले ८,४२०. पुढे बिल आले, त्यात विक्रेता परदेशातला म्हणून बँकेने वर एक टक्का लावलेला, आणि त्या एक टक्क्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ८,५१९ रुपये. घरातल्या तरुण मंडळींनी बिल पाहिले आणि म्हणाले, ‘आजोबा, युरो निवडायचे होते ना!’ युरो निवडले असते तर बँकेने साडेतीन टक्के मार्कअप घेतला असता, म्हणजे २८० रुपये. त्यावर जीएसटी ५० रुपये ४० पैसे. एकूण ८,३३० रुपये. म्हणजे रुपये निवडून आम्ही १८९ रुपये जास्त मोजले.

रक्कम मोठी नाही. आम्हाला बोचली ती वेगळीच गोष्ट. बँकेचा एक टक्का बिलात छापलेला होता. साइटने घेतलेले ४२० रुपये कुठेही छापलेले नव्हते. ते दरात मुरवलेले होते.

आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे. एका नाण्याचे दुसरे नाणे करून देणारा आपला मोबदला दोन ठिकाणी ठेवू शकतो. एक तर शुल्क म्हणून उघड मांडायचा, नाहीतर दराच्या पोटात घालायचा. उघड मांडला तर गिऱ्हाईक घासाघीस करते. दराच्या पोटात घातला तर गिऱ्हाईक ‘आजचा भाव असेल’ म्हणून मान डोलावते. या व्यवसायाचा इतिहास आम्हाला तरी असा दिसतो की मोबदला पुन्हा पुन्हा दुसऱ्या जागी जाऊन बसतो, आणि कोणीतरी त्याला ओढून पहिल्या जागी आणतो.

आता परके चलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉलर येतो. पण आमच्या मराठवाड्यातल्या ज्येष्ठ श्रोत्यांना ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द आठवत असतील. निजामाच्या राज्यातला तो हाली सिक्का, आणि इंग्रजी रुपया तो कलदार. सात हालींना सहा कलदार हे प्रमाण. लातूरच्या व्यापाऱ्याला बार्शीच्या पेठेत माल घ्यायचा तर मधे चलनाची सरहद्द होती! हे काही पुराणकाळातले नाही. हाली सिक्का चलनातून कायमचा गेला तो १९५९ मध्ये. ‘परक्या चलनात स्वस्तात खरेदी कशी करावी’ हा प्रश्न आपल्याकडे विमानाने आलेला नाही, तो बैलगाडीतून आलेला आहे.

त्याच्या मागे गेलो तर पेशवाई. तेव्हा पुण्याच्या बाजारात एकच रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती, अर्काटी असे कितीतरी. टांकसाळी वेगळ्या, चांदीचा कस वेगळा, वजन वेगळे, आणि नाणे झिजलेले की नवे हा आणखी एक भेद. अमुक रुपया देऊन तमुक रुपया घ्यायचा तर जी तूट सोसावी लागे तिचे नाव बट्टा. आज आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो तेव्हा सराफाच्या पेढीवरचा शब्द वापरतो, हे ध्यानात नसते. सरकारी पोत्यात भरणा होणारे नाणे पारखून घेणारा तो पोतदार. माणसाचे आडनावच त्या कामावरून पडले, इतके ते काम महत्त्वाचे होते.

आता बट्टा म्हणजे लबाडी का? आमच्या मते नाही. त्यात तीन गोष्टी एकत्र असत. नाण्यातल्या चांदीचा खरा फरक, पारखण्याची मजुरी, आणि सराफाची कसर. पहिल्या दोन रास्त. तिसरीही रास्तच, पण ती किती, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नसे, कारण तिन्ही मिळून एकच आकडा सांगितला जाई. शेतकरी सारा भरायला आला की त्याचा रुपया हलका ठरे, आणि तोच रुपया बाहेर देताना भारी ठरे, अशी तक्रार नाण्यांच्या व्यवहाराइतकीच जुनी आहे.

बट्टा झाला नाण्याचा. पण पैसे दूर पाठवायचे तर नाणे नेणार कसे? वाटेत चोर, नद्या, ओझे. म्हणून हुंडी. पुण्यातून काशीयात्रेला निघालेला गृहस्थ इथल्या सावकाराकडे रुपये भरी, कागद घेई आणि काशीत त्या सावकाराच्या आडत्याकडून पैसे घेई. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी, मुदतीनंतर मिळणारी ती मुदती. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळे तिला पेठ म्हणत, तीही गेली तर तिसरी, ती परपेठ. आजची ‘डुप्लिकेट पावती’ हा शब्द याच्यापुढे किती फिका आहे पाहा. आणि हुंडीसाठी जी रक्कम द्यावी लागे ती हुंडणावळ. परकीय चलनाच्या विनिमयाला मराठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बरीच वर्षे ‘परदेशी हुंडणावळ’च म्हणत. हा शब्द आपण का टाकला कोण जाणे.

हुंडीत एक गंमत लक्षात घ्या, पुढे ती लागणार आहे. पुण्याचे रुपये काशीला जातच नसत. काशीचा आडत्या आपल्याजवळचे पैसे देई. उलट दिशेने कोणाला तरी पुण्यात पैसे हवे असत, ते इथला सावकार देई. वर्षाकाठी दोघे वह्या जुळवत आणि उरलेला फरक तेवढा मिटवत. म्हणून हुंडणावळ दिशेवर ठरे. काशीकडे पैसे पाठवणारे जास्त आणि तिकडून इकडे पाठवणारे कमी, तर काशीवरची हुंडी महाग. दर हा असा खरोखरीच हलणारा असतो. आणि तो हलतो म्हणूनच त्याच्या आडोशाला लपता येते. जी गोष्ट स्थिर असते तिच्यामागे कोणी लपू शकत नाही, सगळे तिला ओळखून असतात.

हेच युरोपात फार मोठ्या प्रमाणावर घडले, आणि तिथे आमच्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा, सरळ संबंध येतो. तशी तत्त्वज्ञान आणि सराफी यांची सोयरीक जुनी आहे. तो पिंपात राहणारा डायोजिनीस, त्याचा बाप सिनोपे नावाच्या गावी पैशाची पेढी चालवत असे, आणि नाणे बिघडवल्याच्या आरोपावरून बापलेकांना गाव सोडावे लागले अशी कथा प्राचीन चरित्रकार सांगतात. ते असो. मध्ययुगात ख्रिस्ती धर्मपीठाने व्याज निषिद्ध ठरवले होते. उसने दिलेल्या पैशावर जास्त घेणे म्हणजे पाप. पण फ्लोरेन्सच्या पेढीवाल्याने इथे फ्लोरिन दिले आणि लंडनमध्ये तीन महिन्यांनी पौंड घेतले तर ते कर्ज नव्हे, तो विनिमय. आणि विनिमयाला मोबदला चालतो. मग काय झाले? व्याज उठले आणि दरात जाऊन बसले! फ्लोरेन्सचा दर आणि लंडनचा दर यांत असा फरक ठेवायचा की पैसे जाऊन परत आले की मधे व्याज सुटलेले असते. पुढे पुढे तर हुंडी लंडनला जातही नसे. कागदोपत्रीच जाई आणि कागदोपत्रीच परत येई. याला ‘कोरडा विनिमय’ असे नाव पडले, आणि पाचवे पायस या पोपनी १५७१ मध्ये खास आज्ञापत्र काढून त्याला मनाई केली.

चौदाव्या शतकात निकोल ओरेम नावाच्या फ्रेंच विचारवंताने पैशावर एक ग्रंथ लिहिला. पैशातून पैसा करण्याच्या तीन रीतींची त्याने उतरंड लावली आहे : नाणी बदलून देण्याचा धंदा हलका, व्याज वाईट, आणि राजाने नाण्यातच फेरफार करणे त्याहून वाईट. आम्ही वर्गात हे शिकवायचो तेव्हा मुलं म्हणायची, ‘सर, पहिल्यात काय वाईट आहे?’ आम्हालाही तेव्हा नीट उत्तर देता येत नसे. कांटवरच्या ग्रंथाचे बिल आल्यावर थोडे समजू लागले आहे.

परत घरी येऊ. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला, १८० ग्रेन वजनाचा. ब्रिटिश मुलुखात सराफाच्या बट्ट्याचे दिवस इथून ओसरले. पण त्याच सुमारास विलायती मालाची, आणि आमच्या दृष्टीने मुख्य म्हणजे विलायती पुस्तकांची, मागणी वाढू लागली. आता रुपयाची गाठ पौंडाशी.

एक पुस्तक घेऊ आणि त्याच्या मागे चालत राहू. लंडनमध्ये किंमत दहा शिलिंग. पुस्तक तेच, किंमत तीच. १८७०च्या सुमारास रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता, म्हणजे मुंबईच्या वाचकाला ते पडे पाच रुपयांना. पुढे जगात चांदी घसरली, आणि रुपया चांदीचा म्हणून तोही घसरला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, आणि शतक संपता संपता रुपया एक शिलिंग चार पेन्सवर बांधला. आता तेच पुस्तक साडेसात रुपयांना. पहिल्या महायुद्धानंतर तर गोंधळच उडाला. १९२०च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला आणि १९२१ मध्ये सोळा पेन्सच्याही खाली आला. १९२७ मध्ये कायद्याने एक शिलिंग सहा पेन्स ठरला. पुस्तक झाले सहा रुपये दहा आणे आठ पै. आणि आता एकदम पुढे जाऊ, १९६६च्या जूनमध्ये. ६ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर. दहा शिलिंगांचे पुस्तक साडेदहा रुपये. लेखकाने त्यात एक शब्द वाढवला नाही.

सोळा पेन्स की अठरा पेन्स हा वाद १९२०च्या दशकात आपल्याकडे केवढा पेटला होता याची आज कल्पना येत नाही. त्या वादाच्या आधीच, १९२३ मध्ये, डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. केन्सने हिंदुस्थानच्या ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची तरफदारी केली होती, तिच्यावर या प्रबंधाने थेट हल्ला केला. आंबेडकरांचा आक्षेप, सोप्या भाषेत सांगायचा तर, असा की ही पद्धत चलन काढणाऱ्याच्या मर्जीला मोकळे रान देते, आणि त्यामुळे रुपयाची देशातली किंमत, म्हणजे खरेदीशक्ती, स्थिर राहत नाही. परदेशातला दर संभाळण्याच्या नादात घरातल्या माणसाचा रुपया काय घेऊन येतो याकडे दुर्लक्ष होते. आम्ही हे पुस्तक फार उशिरा, निवृत्तीनंतर वाचले. अर्थशास्त्राचे म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. पण दर कोण ठरवतो आणि कोणासाठी ठरवतो, हा प्रश्न निव्वळ अर्थशास्त्राचा नाही.

आता आमच्या स्वतःच्या काळात येऊ. दुसरे महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, परकीय चलनावर नियंत्रण आले. युद्ध संपले, नियंत्रण राहिले. १९४७चा कायदा, मग १९७३चा फेरा. या काळात प्रश्न ‘किती महाग’ हा राहिलाच नाही. प्रश्न होता ‘परवानगी आहे का’. आमच्या पिढीतली मंडळी आठ डॉलर खिशात घेऊन अमेरिकेला शिकायला गेली, या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील.

आमचा प्रबंध सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चालू होता. काही पुस्तके इथल्या एकाही ग्रंथालयात नव्हती. तेव्हा आम्हाला युनेस्को कुपनांची माहिती मिळाली. आज ही योजना कोणाला आठवतही नाही. १९४८ साली युनेस्कोने ती काढली, ज्या देशांकडे डॉलर-पौंडांची टंचाई आहे तिथल्या अभ्यासकांसाठी. डॉलरमध्ये किंमत छापलेली कुपने दिल्लीला शिक्षण मंत्रालयाकडून रुपये भरून घ्यायची, ती पुस्तकविक्रेत्याला टपालाने पाठवायची, तो ती पॅरिसला युनेस्कोकडे देऊन, हाताळणी खर्च वजा जाता, आपल्या चलनात पैसे घेणार. म्हणजे बघा, ही हुंडीच झाली. सावकार कोण, तर युनेस्को. अर्ज, शिफारसपत्र, ड्राफ्ट, वाट पाहणे. मग पुस्तक जहाजाने. आमचे एक पुस्तक आले ते प्रबंधाचे ते प्रकरण सादर करून झाल्यावर. तरी आम्ही म्हणू की त्या कुपनाइतका स्वच्छ दर नंतर आम्हाला कधी मिळाला नाही.

त्याचाच एक मोठा भाऊ होता, आंतरराष्ट्रीय जबाबी कुपन. परदेशी प्राध्यापकाला पत्र लिहायचे तर उत्तराचे टपाल आपण कसे भरणार? म्हणून जागतिक टपाल संघटनेने १९०६च्या रोमच्या परिषदेत हे कुपन ठरवले. इथे विकत घ्या, पत्रात घाला, तिकडे त्याबदली तिकीट मिळेल. आता एकाच कुपनाची किंमत दोन देशांत वेगळी म्हटल्यावर कोणीतरी उठणारच. चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने १९२० मध्ये बॉस्टनला लोकांना सांगितले की स्वस्त देशांत ही कुपने घेऊन अमेरिकेत वटवून मी तुमचे पैसे वाढवून देतो. कुपनांचा धंदा त्याने जवळजवळ केलाच नाही. नव्यांच्या पैशातून जुन्यांना देत राहिला. सगळ्या जगात फसव्या गुंतवणुकीला आज त्याचे नाव आहे, आणि तिच्या मुळाशी दोन चलनांमधली एवढीशी फट आहे.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयांची वाट वेगळी होती. ती परदेशी पुस्तके इथल्या आयातदार विक्रेत्यांकडून घेत. बिलात डॉलरची किंमत, आणि तिला गुणायचा दर. हा दर बँकेचा नसे. प्रकाशक व पुस्तकविक्रेत्यांच्या महासंघाची ‘गुड ऑफिसेस कमिटी’ होती, ती रूपांतराचे दर जाहीर करी, आणि ग्रंथालये ते मानत. बँकेच्या दराहून तो सहसा चढा असे. त्यावर विक्रेता सूट देई. ग्रंथालय समितीवर आम्ही काही वर्षे होतो. सभेत सगळी चर्चा सुटीवर, अर्धा टक्का जास्त मिळाली की आम्ही खूश. दराची ओळ कोणी वाचत नव्हते. अर्थात विक्रेत्याचीही बाजू आहे. पुस्तक मागवल्यापासून ग्रंथालय पैसे चुकवीपर्यंत महिनेच्या महिने जात, मधे रुपया घसरला तर मार त्याला बसे. १९९१च्या जुलैमध्ये १ आणि ३ तारखेला अशा दोन टप्प्यांत रुपया उतरवला गेला, डॉलर साधारण २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या घरात गेला, तेव्हा ज्यांनी आधीच्या दराने नियतकालिकांची वर्गणी कबूल केली होती त्यांचे काय झाले असेल? चढ्या दरात जोखमीचा विमा होता. पण मग तो विमा म्हणून लिहावा. सूट लिहिता, तर विमाही लिहा.

त्यानंतर दारे भराभर उघडली. १९९३ मध्ये दर बाजारावर आला, १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला, २००० मध्ये फेरा जाऊन फेमा लागू झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. ज्याला आयुष्यात आठ डॉलरसाठी अर्ज करावा लागला त्याला या आकड्यांची गंमत वाटते. पण परवानगीचा प्रश्न सुटला आणि त्या क्षणी जुना प्रश्न, बट्ट्याचा, पुन्हा जागा झाला.

आता चिठ्ठीकडे येऊ. कार्डाने परक्या चलनात पैसे भरता तेव्हा काय होते? विक्रेत्याला युरो मिळतात. त्या युरोंचे रुपये करण्याचा दर कार्डाचे जाळे, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड, ठरवते. हा दर बाजारभावाला बराच धरून असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, रोज बदलतो. त्यावर आपली बँक मार्कअप लावते. आपल्याकडे अनेक कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीनाचे होतात चार पूर्णांक तेरा शतांश. आणि हा हिशेब खरेदीच्या दिवसाचा नव्हे, व्यवहार बँकेत पोचतो त्या दिवसाचा. म्हणून आकडा एक-दोन दिवसांनी थोडा सरकतो. मधले पैसे कुठे गेले याचे उत्तर हे. यात लपवाछपवी फारशी नाही. मार्कअप किती, हे कार्डाच्या शुल्कपत्रकात असते, आपण वाचत नाही एवढेच.

लपवाछपवी आहे ती ‘रुपयांत द्या’ म्हणणाऱ्या पानावर. तिथे चलन बदलून देणारा विक्रेत्याच्या बाजूचा असतो आणि दर तो ठरवतो. आपल्याला तो निश्चितता विकतो. निश्चिततेला किंमत असते, हे आम्ही मान्य करतो. देकार्तपासून सगळ्यांनी ती मोजलेली आहे. पण ती किती, हे सांगायला नको? युरोपीय संघाने हे ओळखले. २०१९च्या नियमाने त्यांनी असे बंधन घातले की कार्डाच्या व्यवहारात चलन बदलून देणाऱ्याने आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराहून किती टक्के चढा आहे ते आधी दाखवावे. एप्रिल २०२० पासून ते लागू झाले. बट्ट्याच्या पोटातली सराफाची कसर वेगळी काढून टेबलावर ठेवायला लावली, असेच म्हणा ना.

आणि हुंडीही परत आली आहे. लंडनमध्ये राहणारे दोन एस्टोनियन तरुण होते. एकाला पगार युरोत मिळे आणि खर्च पौंडात करायचा असे. दुसऱ्याला पगार पौंडात आणि घराचे हप्ते एस्टोनियात भरायचे. बँकेच्या दराला कंटाळून त्यांनी बाजाराचा मधला दर पाहिला आणि एकाने दुसऱ्याचे तिकडचे देणे, दुसऱ्याने पहिल्याचे इकडचे देणे भागवायला सुरुवात केली. सरहद्द कोणाच्याच पैशाने ओलांडली नाही. २०११ मध्ये त्यांनी त्याचीच कंपनी काढली, ट्रान्सफरवाइज. आता नुसती वाइज. हे वाचल्यावर आम्हाला पुण्याचा सावकार आणि काशीचा आडत्या आठवला. फरक एवढाच की यांनी दर मधला ठेवला आणि शुल्क वेगळे लिहिले.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांना आमचे सांगणे असे. कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेला आहे ना ते आधी पाहा. २०२० पासून नव्या कार्डांवर तो आपणहून चालू करावा लागतो. साइटने विचारले तर विक्रेत्याचेच चलन निवडा. मधे एखादी पेमेंट सेवा असेल तर चलन ती बदलणार की तुमची बँक, हे तिच्या रचनेत पाहा, कारण मुकाट्याने पुढे गेलात तर बहुधा तीच बदलते. मार्कअप न घेणारी किंवा नावापुरता घेणारी कार्डे आता मिळतात, पण वार्षिक फी किती ते विचारा. वर्षाला दोन पुस्तके मागवणाऱ्याला फीच भारी पडेल. प्रवासाचे फॉरेक्स कार्ड डॉलरने भरलेले असेल आणि खरेदी युरोत केलीत, तर दुसऱ्यांदा चलन बदलते आणि त्याचे वेगळे शुल्क लागते. वस्तू परत केली तर परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि मार्कअप बहुतेक परत येत नाही, तेव्हा ‘मागवून बघू, नाही आवडलं तर परत’ हे परदेशी खरेदीत करू नये. आणि टपालाने आलेल्या पार्सलवर सीमाशुल्क बसते का, हा वेगळाच विषय आहे. त्यात आज शिरत नाही.

आमच्याकडे एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने किंमत शिलिंगात लिहिलेली आहे, खाली दर, आणि त्याखाली गुणाकार करून रुपये. कोणा अज्ञात विक्रेत्याचे अक्षर आहे. पुढच्या वेळी येताना ते पुस्तक घेऊन येतो. चिठ्ठीवाल्या गृहस्थांनी बिल आणले असेल तर चहाच्या वेळी जरूर दाखवावे, दोन्ही शेजारी ठेवून पाहू.